हजर माणसाला बदली मिळत नाही

वीरधवल आकाराम हा खडकेवाडीत राहून नोकरी करणारा एकमेव तरुण होता. त्याची नोकरी दारं उघडायची आणि लावायची.

हे काम परक्या माणसाला समजावून सांगणं अवघड जायचं. मागच्या दिवाळीनंतर तासगावकडचे पाहुणे मुलगा बघायला आले होते. पोहे खाता खाता त्यांनी नेहमीचा प्रश्न टाकला.

"मुलगा काय करतो?"

"दारं उघडतो," वीरधवलचा बाप आकाराम म्हणाला.

"आन् मग?"

"मग लावतो."

"मधल्या वेळात?"

"हवा खेळती."

पाहुण्यांनी पोहे संपवले, चहा नको म्हणाले आणि गाडीला किक मारली. आकारामला वाटलं आपलं काही चुकलं. खरं तर त्याचं काही चुकलं नव्हतं. काम तेवढंच होतं.

सांगली जिल्ह्याच्या या दुष्काळी कोपऱ्यातली माणसं दोन-तीन पिढ्यांपासून सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात आहेत. गलाईवाले म्हणतात त्यांना. पाऊस इथं वाट चुकल्यासारखा येतो, म्हणून माणसं त्रिचूर, मदुराई, गुवाहाटी कुठं कुठं गेली, सराफाच्या पेठेत एक खोली घेतली, भट्टी लावली आणि तिथंच पांढरी झाली. पैसा झाल्यावर त्यांनी गावाकडं बंगले बांधले. बंगल्याला काचेची गच्ची, दारात दगडी हत्ती, आणि दाराला कुलूप. नाथबाबाच्या यात्रेला आठवडाभर कुलूप निघायचं, हत्तीच्या सोंडेवर पोरं घसरगुंडी करायची, मग पुन्हा कुलूप. गावात राहायला माणूस नव्हता म्हणून गावकरी आणखी मजले चढवत होते, आणि मजले चढवायला माणूस नव्हता म्हणून बिहारहून माणसं आणत होते. खडकेवाडीचा माणूस गुवाहाटीला आणि बिहारचा माणूस खडकेवाडीला. भुसावळच्या आसपास त्यांच्या गाड्या समोरासमोर येत असणार.

कुलुपातल्या घराला वाळवी लागते, मोरीला वास सुटतो, फरशीला घाम येतो. म्हणून वीरधवल. कमरेला किल्ल्यांचा जुडगा अडकवून तो घरोघर जायचा, खिडक्या उघडायचा, नळ सोडायचा, संडासात बादली ओतायचा. देवापुढं उदबत्ती लावायला त्याची आई राहीबाई बरोबर असायची, कारण दुसऱ्याच्या देवाला बाईमाणसाचा हात बरा दिसतो. शेडमधली गाडी चालू करून बंद करायची. काही गाड्या घेतल्यापासून शेडबाहेर पडल्याच नव्हत्या. त्यांची इंजिनं मात्र ठणठणीत होती.

घराघरात कॅमेरे होते. मालक दुकानात बसून मोबाईलवर बघायचे आणि कॅमेऱ्यातनंच बोलायचे. वीरधवल चपला काढून मानसिंगच्या दिवाणखान्यात शिरला, की छतातनं आवाज यायचा, "वीरधवल, पायपुसणं वाकडं हाय."

"सरळ करतो, दादा."

"आता लय सरळ झालं."

मानसिंगचं त्रिचूरला मोठं दुकान होतं. गावात त्याचा बंगला सगळ्यात उंच, आणि तिसरा मजला अजून चढत होता. वीरधवलला पहिली किल्ली त्यानंच दिली होती. त्याचं बघून बाकीच्यांनी दिल्या. मानसिंगची किल्ली गेली तर बाकीच्या किल्ल्या तिच्या मागोमाग जातील, हे वीरधवलला पक्कं ठाऊक होतं. म्हणून छतातनं आवाज आला, की त्याच्या तोंडून आधी 'व्हय' निघायचं आणि प्रश्न नंतर ऐकू यायचा.

तरणाताठा पोरगा गावातच का राहिला, याचं कारण आकाराम होता. आकारामनं उमेदीची सगळी वर्षं मानसिंगच्या बापाच्या भट्टीवर काढली. ॲसिडचा धूर छातीत भरून घेतला आणि एक खोकला घेऊन परत आला. तो खोकला त्याच्या अगोदर घरात शिरायचा. पोरगा बाहेरच्या नोकऱ्या सुटून घरी आला, तेव्हा त्यानं त्याला जवळ बसवून सांगितलं होतं, "कुटं बी जाऊ नगंस. दोन घास कमी खाऊ. माणूस गावात ऱ्हायला की काठी ऱ्हाती."

काठी म्हणजे सासनकाठी. आकारामच्या घराकडं नाथबाबाच्या काठीचा मान होता. दोन मजली उंच कळक, त्याला तांबडं कापड गुंडाळलेलं, टोकाला मोरपिसांचा गुच्छ. एकानं ती पोटाशी तोलायची आणि चौघांनी चार बाजूंनी दोर ताणून धरायचे. पालखी देवळाच्या पायरीला लागायच्या आत काठी तिथं उभी पाहिजे, घरच्या माणसाच्या हातात. आणि गावाचा नियम असा, की लागोपाठ तीन यात्रा काठी उठली नाही, तर मान दुसऱ्या घरात जातो. आकारामच्या घरात याहून दुसरी सांगण्यासारखी वस्तू नव्हती. दोन शेळ्या होत्या, पण त्यांच्यासाठी कुणी चांगभलं म्हणत नाही.

दोन यात्रा हुकल्या होत्या. पहिल्या वर्षी वीरधवल कुपवाडला कारखान्यात ठेक्यावर होता. त्यानं सुट्टी मागितली, मिळाली नाही. दुसऱ्या वर्षी शिरवळच्या कंपनीत सुट्टी मागितली, तिथं कायमची मिळाली, पण यात्रा होऊन गेल्यावर. आकारामच्या छातीत काठी तोलण्याएवढा दम उरला नव्हता. यंदाची तिसरी.

"यंदा हाईस न्हवं?" आकारामनं माघातच विचारलं.

"मी जातोय कुटं, आबा? मी गावातच असतोय."

"त्येच म्हंतो." आकारामनं आढ्यावरची काठी उतरवली आणि खोकत खोकत तिला तेल लावायला बसला.

चैत्र आला तसा सोन्याचा भाव चढत गेला. अक्षय्य तृतीया तोंडावर. सराफाच्या पेठा तुडुंब भरल्या आणि भट्ट्या दिवसरात्र पेटत्या राहिल्या. अशात दुकान बंद करून गावाला जाणं म्हणजे लक्ष्मीच्या तोंडावर दार लावणं. एकेकाचा निरोप यायला लागला, यंदा जमत नाही. यात्रा कमिटीही सगळी बाहेरगावीच होती, ती मोबाईलच्या ग्रुपवर भरायची. तिनं ठरवलं, की पालखी दर वर्षी सांजेला निघते, यंदा सकाळी निघावी, म्हणजे दुकानं उघडायच्या आत सगळ्यांना मोबाईलवर दर्शन होईल. देवाला विचारायचा प्रश्न नव्हता. तो ग्रुपवर नव्हता.

राहिला मानाचा प्रश्न. प्रत्येक घराचा काही ना काही मान, आणि घरं कुलपात. त्यावर जुनी सोय होती, बदली. गैरहजर माणसाच्या नावानं दुसरा माणूस उभा राहायचा. देवळाचा पुजारी कोंडीबा गुरव चारचौघांत पुकारायचा, 'अमका, मुक्काम तमका, बदली फलाणा', आणि बदलीच्या डोक्याला मानाचा फेटा बांधायचा. फेटा डोक्यावर असेपर्यंत तो माणूस त्या घरचा. काठी घरच्याच हातात हवी म्हणून आकारामनं मागची दोन्ही वर्षं बदली मागितली नव्हती.

गुवाहाटीहून भाऊसोचा आवाज त्याच्या छतातनं आला, "वीरधवल, आमच्या छत्रीच्या मानाला हुबा ऱ्हा."

"व्हय."

दुसऱ्या दिवशी मानसिंगचा. "वीरधवल, पालखीच्या म्होरल्या दांडीला माझ्या नावानं खांदा दे."

"व्हय, दादा," वीरधवल म्हणाला, आणि मग त्याला प्रश्न ऐकू आला. "पर दादा, आमची काठी हाय त्याच वक्ताला."

 छत म्हणालं, "पिंपळापाशी विसावा असतोय की रं. तिथं खांदा बदल, पळत जा, उचल काठी. तुझं घर पिंपळाला लागूनच हाय. का दुसऱ्या कुणाला सांगू? किल्ली बी त्याच्याकडंच देतो मग, तुला कशाला धावपळ."

हिशेब बरोबर होता. पालखी पिंपळाच्या पारावर टेकते, तिथं खांदा बदलायला मुभा असते, आणि पारापासनं देऊळ हाकेवर. वीरधवलनं घरी येऊन बापाला सगळं नीट समजावून सांगितलं. आकारामनं ऐकून घेतलं.

"म्हंजी तू दोन ठिकानी."

"तीन. भाऊसोची छत्री बी हाय. पर ती सुरवातीलाच उरकतीया."

"आन् तिन्ही ठिकानी तूच."

"व्हय."

"बरं," आकाराम म्हणाला आणि तेलाची वाटी झाकून ठेवली.

यात्रेच्या सकाळी देवळापुढच्या चौकात म्हातारी माणसं, थोड्या बायका, शाळेचा मास्तर आणि बिहारी गवंडी जमले. मानसिंगच्या तिसऱ्या मजल्यावर गिलावा करणारा मुन्ना हातात भेळेचा कागद घेऊन बघत उभा होता. कोंडीबानं घंटा वाजवली.

"भाऊसो ग्यानबा, मुक्काम गुवाहाटी, बदली वीरधवल आकाराम!"

वीरधवलनं फेटा बांधून घेतला.

"मानसिंग बाजीराव, मुक्काम त्रिचूर, बदली वीरधवल आकाराम!"

पहिल्या फेट्यावर दुसरा बसला. आता पद्धत अशी, की छत्रीच्या मानकऱ्यानं पालखीच्या मानकऱ्याला नारळ द्यायचा आणि त्यानं तो वाकून घ्यायचा. वीरधवलनं नारळ उजव्या हातातनं डाव्या हातात घेतला.

"आरं, डाव्या हातानं देवाचं घेत्यात व्हय?" कोंडीबा खेकसला.

"मग उजव्या हातानं देऊन उजव्या हातानं घेऊ कसा?"

कोंडीबानं विचार केला. मग वीरधवलनं भाऊसो म्हणून उजव्या हातानं नारळ पायरीवर ठेवला, पायरीला वळसा घातला, पलीकडनं मानसिंग म्हणून आला आणि वाकून उजव्या हातानं उचलला. लोकांनी चांगभलं केलं. मास्तरच्या मोबाईलमधनं गुवाहाटीचा आवाज आला, "मानसिंग नीट वाकला न्हाई." लगेच त्रिचूरचा आवाज आला, "भाऊसोनं दिला कुटं, ठेवला त्यो!" दोन्ही तक्रारी वीरधवलनंच ऐकून घेतल्या. मग छत्री मास्तरच्या हातात दिली, वरचा फेटा घट्ट केला, गळ्यात मानसिंगला दर्शन घडवणारा मोबाईल अडकवला आणि खांद्याला पालखीची दांडी लावली. बाकीच्या दांड्यांना तिघं बिहारी होते, तेही कुणाकुणाच्या बदली.

खरी अडचण पुढं होती. पालखी प्रत्येक घरापुढं थांबते, घरची बाई बाहेर येऊन ओवाळते. घरात बाई नव्हती, पण घरं होती आणि मान होता, आणि मालक कॅमेऱ्यापुढं हात जोडून बसले होते. दार उघडल्याशिवाय ओवाळणी दिसणार नव्हती. किल्ल्यांचा जुडगा वीरधवलच्या कमरेला, आणि वीरधवल दांडीखाली.

"खालची पितळंची," तो मान वाकडी करून सांगायचा. राहीबाई त्याच्या कमरेचा जुडगा चाचपायची, किल्ली काढायची, पळत जाऊन फाटक उघडायची, मग दार, मग आतनं ताट घेऊन त्या घरची बाई म्हणून बाहेर यायची. ओवाळून झालं, की ताट आत, दार बंद, फाटक बंद, जुडगा परत पोराच्या कमरेला. पुढचं घर. पुढं एका घरी राहीबाई हळूच म्हणाली, "वीरू, ऊन चढाय लागलंय. तुझा आबा पारावर येऊन बसलाय कवाचा."

"विसावा येतोयच की, आई."

"वीरधवल, हलू नगं," गळ्यातला मानसिंग म्हणाला. "चित्र हलतंय."

शेवटच्या बंगल्याचं फाटक लावून होतंय तोवर मास्तरच्या मोबाईलवर ग्रुपचा निरोप आला. मास्तरनं तो शाळेतल्या सूचनेच्या सुरात मोठ्यानं वाचला. "उशीर होत आहे. दुकाने उघडायची आहेत. विसावा रद्द. पालखी थेट देवळात न्यावी. हुकमावरून, कमिटी."

वीरधवलला आधी वाटलं आपण नीट ऐकलं नाही. मग पालखी वळणावर आली आणि पिंपळ दिसला. पारावर काठी आडवी होती. तांबडं कापड नवं, मोरपिसं पुसून लखलखीत केलेली. आकाराम धुवट धोतर नेसून तिच्या टोकाशी बसला होता. दोर धरायला चार म्हातारे आणून ठेवले होते, चौघंही उठून हात चोळत होते.

"कोंडीबाकाका, टेकवा की जरा," वीरधवल म्हणाला.

"विसावा रद्द झालाय. ऐकलंस न्हवं?"

"मग खांदा तरी बदला."

"पारावर टेकल्याशिवाय खांदा बदलता येत न्हाई. ठावं हाय तुला."

त्यानं खांदा काढला असता तर काय झालं असतं? पालखी एका अंगाला कलली असती. मागचा बिहारी शिव्या देत पुढं सरकला असता. त्रिचूरला चित्र हललं असतं. याउपर काही झालं नसतं. हे त्याला नंतर कळलं, त्याच दिवशी, पण नंतर. त्या घटकेला त्याच्या कमरेला किल्ल्या वाजत होत्या आणि गळ्यात मानसिंग 'चला, चला' म्हणत होता. त्याचे पाय पुढं पडत राहिले.

आकाराम पारावरनं उतरला आणि पालखीच्या वाटेत उभा राहिला. पोराकडं त्यानं बघितलं नाही. पालखी खांद्यावरच थांबली.

"कोंडीबा, काठीला बदली दे."

"कुणाच्या नावानं?"

"माझ्या पोराच्या."

कोंडीबानं मान हलवली. "आकाराम, बदली गैरहजर माणसाला मिळती. तुझा पोरगा हजर हाय. ह्यो काय, समोर हुबा हाय. हजर माणसाला बदली दिली, तर उद्या समदं गाव घरात झोपून बदल्या पाठवंल."

"समदं गाव त्येच करतंय की!"

"ती बाहेरगावी हाईत. नियमात बसत्यात."

 आकारामला खोकल्याची उबळ आली. तो ती संपेपर्यंत वाकून उभा राहिला, मग तोंड पुसून म्हणाला, "कोंडीबा, म्होरल्या दांडीला कोण हाय?"

"वीरधवल."

"सकाळच्याला त्याला फेटा बांधलास तवा काय पुकारलंस?"

कोंडीबा अडखळला. "मानसिंग बाजीराव."

"फेटा हाय का उतरलाय?"

"हाय."

"फेटा असस्तवर त्यो कोण?"

"मानसिंग."

"मग माझा पोरगा कुटं हाय?"

कोंडीबानं पालखीखाली बघितलं. दोन फेट्यांच्या खाली वीरधवलचं तोंड होतं. कोंडीबानं ते पोर असल्यापासून बघितलं होतं. "आबा," असं काहीतरी त्या तोंडानं म्हटलं, पण मागून वाजंत्र्यानं नेमका तेव्हाच ढोल वाजवला.

"दिसत न्हाई," कोंडीबा हळू म्हणाला.

"मग पुकार."

नियम म्हणजे नियम. कोंडीबानं घंटा वाजवली. "वीरधवल आकाराम, मुक्काम..." तो थांबला. मुक्काम सांगितल्याशिवाय बदली होत नाही. "मुक्काम काय सांगू, आकाराम?"

"मुक्काम ठाव न्हाई," आकाराम म्हणाला.

"वीरधवल आकाराम, मुक्काम ठाव न्हाई, बदली..." कोंडीबानं गर्दीवर नजर फिरवली. तरणा असा एकच दिसला. "बदली मुन्ना!"

मुन्नानं भेळेचा कागद खाली टाकला. काय चाललंय ते त्याला समजलं नव्हतं, पण बांबू दाखवल्यावर समजलं. निम्मं आयुष्य त्यानं बांबूच्या परांचीवर काढलं होतं. आकारामनं त्याच्या डोक्याला फेटा बांधला, कमरेचा पट्टा आवळला, काठीचा बुंधा पट्ट्यात बसवून दिला आणि पोटावर थाप मारून म्हणाला, "हितं जोर. हातात न्हाई." दोर ताणले गेले. काठी उठली, एकदा डोलली, मोरपिसं पिंपळाच्या वर गेली. मुन्ना पळत सुटला, मागं दोर धरून चार म्हातारे, आणि त्यांच्या मागं चालवत नसताना आकाराम. पालखी पायरीला लागली तेव्हा काठी तिथं उभी होती. गावानं चांगभलं केलं, गुलाल उडाला. मान राहिला.

दुपारी वीरधवल दारं लावत फिरला. दोन्ही फेटे अजून डोक्यावर होते, कारण उतरवायचे कुणी ते ठरलेलं नव्हतं. मानसिंगच्या दिवाणखान्यात त्यानं पडदे ओढले, पायपुसणं सरळ केलं. छतातनं आवाज आला.

"वीरधवल, झ्याक झालं बग दर्शन. आन् काठी कुणी उचलली रं ती? लय नामी उचलली."

"तुमचाच गवंडी हाय, दादा. मुन्ना."

"तिसऱ्या मजल्याचा? आरं वा. पुढल्या सालाला त्यालाच सांगू."

"व्हय, दादा," वीरधवल म्हणाला. फेटे सोफ्यावर ठेवले, मग सोफ्यावर नको म्हणून उचलून हातात घेतले आणि कुलूप लावलं.

घरी आला तेव्हा उन्हं कलली होती. त्याच्या कमरेला अख्ख्या गावाच्या किल्ल्या होत्या, फक्त या घराची नव्हती, कारण या घराला कधी कुलूपच लागलं नव्हतं. दार उघडं होतं. आत आकाराम भिंतीला टेकून बसला होता आणि मुन्ना जेवत होता. पुरणपोळीवर तूप होतं. राहीबाई त्याला आग्रह करत होती आणि तो हिंदीत नको नको म्हणत खात होता. आकाराम त्याला हातवारे करून सांगत होता, की वळणावर काठी कलली तर डाव्या दोराला हाक मारायची.

वीरधवल उंबऱ्यात उभा राहिला.

आकारामनं वर बघितलं. राग नव्हता त्याच्या तोंडावर. यात्रेला बाहेरगावाहून आलेल्या माणसाकडं गाव ज्या मायेनं बघतं, तसंच बघितलं त्यानं.

"या या," तो म्हणाला. "राहीबाई, पाव्हण्यास्नी पाणी दे."

"आबा..."

"बसा की. लय लांबनं आलासा."

राहीबाईनं डोळे पुसले आणि पाहुण्यांसाठी राखलेल्या उभ्या पेल्यातनं पाणी आणून दिलं. घरात तो पेला वीरधवलनं अनेकदा धुतला होता, त्यातनं प्याला कधी नव्हता. त्यानं पाणी पिऊन टाकलं.  मुन्नानं सरकून शेजारी जागा केली.

आकारामला पुन्हा उबळ आली. ती गेल्यावर तो घसा साफ करून म्हणाला, "जेवून घ्या आता. आन् पुढल्या यात्रंला जमलं तर या."